सी हॉक शेपटावर बसतंय आणि अप्पांची पंच्याहत्तरी पंधरा दिवसांवर

कोकणी_खटपट्या (रत्नागिरी)

मंडळी, पहिलंच किट आहे, त्यामुळे शिव्या जरा बेताने.

हॉकर सी हॉक या नौदलाच्या जुन्या जेट विमानाचं १/७२ मधलं (खऱ्याच्या बहात्तराव्या मापाचं) प्लास्टिकचं मॉडेल करतोय. कारण अप्पा. १९७१ साली ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर एअरक्राफ्ट हँडलर होते. म्हणजे विमान उडवायचे नाहीत, ढकलायचे. 'उडवणारा एक, ढकलणारे दहा, फोटो मात्र एकाचाच' हे त्यांचं ठरलेलं वाक्य, दर ४ डिसेंबरला ऐकतो. ७१ च्या युद्धात त्या दिवशी सकाळी आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारवर हल्ला करायला विक्रांतवरून सी हॉक उडाली आणि ती जागेवर लावणाऱ्यांत आमचे अप्पा होते. तेव्हा पंच्याहत्तरीला शाल-श्रीफळाऐवजी हे द्यायचं ठरवलं. गुपचूप, माळ्यावर बसून करतोय.

आता घोळ. धडाचे दोन्ही भाग चिकटवले, सांध्यात पुटी भरली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं, चाकं लावून टेबलावर ठेवलं, तर नाक वर आणि शेपूट टेबलाला. कुत्रं बसतं तसं. सूचनापत्रात नाकात वजन घालायचं चित्र होतं. मला वाटलं, हौस असेल त्याने घालायचं.

दुसरा घोळ, पोटाचा रंग. खालच्या बाजूला 'स्काय' लिहिलं होतं, म्हणून बाजारातून छान आकाशी निळा आणून मारला. पुतणी म्हणाली, "काका, हा आमचा युनिफॉर्म." तिनेच आणखी एक विचारलं: जेट आहे तर धूर कुठून निघतो? शेपटाला भोकच नाही. किटमध्ये राहिलंय का? ड्रिल हातात घेऊन बसलोय, लवकर सांगा.

आणि जहाजावर दुमडून ठेवायचे तसे पंख दुमडलेले दाखवावेत का?

ग्लूची_ट्यूब

आधी ते ड्रिल खाली ठेवा. किट बरोबर आहे. सी हॉकला नीन इंजिन एकच, पण त्याचा झोत आत दुभागून दोन्ही बाजूंना पंखाच्या मुळाशी, मागच्या कडेला बाहेर पडतो. तिथे नीट बघा, दोन लंबगोल तोंडं दिसतील. त्यामुळे शेपटाकडचा भाग इंधनाच्या टाकीसाठी मोकळा सापडला. त्या तोंडांच्या आतून काळपट धातूचा रंग द्या, विमान लगेच खरं वाटायला लागतं.

वजनाचं असं की ते मुख्य चाकांच्या पुढे हवं. जितकं नाकाकडे, तितकं कमी पुरतं. सी हॉकचं कॉकपिट अगदी पुढे, त्यामुळे नाकात जागा फार नाही. आता उघडायला जाऊ नका, सांध्याची वाट लागेल. पुढच्या चाकाच्या खाचेत मागच्या भिंतीला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, मासेमारीच्या दुकानातून बारीक शिशाचे छर्रे आणा आणि नाक खाली धरून आत सोडा. चिकटवायला दोन नळ्यांचं इपॉक्सी, तेही थोडं थोडं. एकदम ओतलंत तर ते तापतं आणि प्लास्टिक मऊ पडतं.

सुतारकामाचा पांढरा गोंद शिशाला चुकूनही लावू नका. त्यातल्या आम्लाने शिसं हळूहळू फुगतं. माझं एक विमान चार वर्षं कपाटात गुण्यागोविंदाने होतं, एके दिवशी बघतो तर पोट फुटलेल्या करंजीसारखं उकललेलं.

वास्कोकर

'स्काय'ला सगळेच फसतात. तो ब्रिटिश रंग आहे, मानकातला क्रमांक २१०, आणि तो निळा नाहीच. कच्ची पपई चिरल्यावर गर दिसतो ना, पांढुरका हिरवट, तो. वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, क्रमांक ६४०. ब्रिटिश नौदलाची हीच जोडी आपल्याकडेही आली. निळा खरवडू नका, हलकं घासा, प्रायमर मारा, वरून नवा रंग.

डेकल (किटमधली चिकटवायची छापील चिन्हं) लावण्याआधी गोल चिन्ह पाहा. हिरवं बाहेर, केशरी मध्ये. घाईत उलटं लावणारा मी काही पहिला नसेन.

आणि शेपटाचा उभा पंख बघा. आपल्याकडे नवीन सी हॉक आली तशी जर्मन नौदलाने वापरलेलीही आली, मार्क १०० आणि १०१. त्यांचा उभा पंख जास्त उंच. ज्या क्रमांकाचं विमान करताय त्याचा बाजूने काढलेला फोटो मिळवा आणि मगच आकडे चिकटवा. रत्नागिरी तशी लांब नाही. गोव्यात बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. मी तिथे तासभर फक्त चाकांची दारं बघत बसलो होतो, पहारेकरी येऊन दोनदा विचारून गेला.

रामभरोसे७२

दुमडलेले दाखवायला पंख कापू नका. पहिल्याच किटला करवत लावलेला माणूस पुन्हा किट घेत नाही. माझा मेहुणा आता पतंग करतो.

कोकणी_खटपट्या

सगळ्यांचे आभार. खबर अशी.

छर्रे घातले, पण भोक जरा मागे पडलं. पाच-सहा ग्रॅम गेले असतील. नाक टेकतं, पण फुंकर मारली की पुन्हा वर. पोट पपई झालंय, छान दिसतंय. पंख उघडेच ठेवले.

गुपित मात्र फुटलं. परवा दुपारी अप्पा लोणच्याची बरणी शोधत माळ्यावर आले. मी झाकायला गेलो, उशीर झाला होता. चष्मा कपाळावरून खाली घेतला, विमान दोन बोटांत धरून उलटं केलं, चाकांच्या खाचा बघितल्या. पंखाच्या मुळाशी बोट नेऊन म्हणाले, "इथनं भाजायचं." टेबलावर ठेवलं. नाक वर गेलं. मी वजनाची सगळी कथा सांगायला लागलो, तर मध्येच तोडून म्हणाले, "अरे, डेकवर विमान मोकळं सोडतात काय? जहाज हलतं. साखळी मार."

तर आता खाली प्लायवूडचा तुकडा, त्याला डेकचा करडा रंग, आणि ताईच्या तुटक्या खोट्या दागिन्याची बारीक साखळी पुढच्या पायापासून डेकपर्यंत ताणून. नाक जागचं हलत नाही. अप्पा रोज दुपारी माळ्यावर येतात, जिना चढायला डॉक्टरांनी बंदी केलीय तरी. पहिल्या दिवशी म्हणाले साखळी ढिली आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले कोन चुकलाय. आज म्हणतात, "चाकांचे ठोकळे कुठायत?"

काडेपेटीच्या काड्या कापतोय. १/७२ मध्ये ठोकळा केवढा होईल, कोणी सांगेल का?