मदत हवी आहे: ओव्हनचा खालचा रॉड तापत नाही, पण मीटरवर ठीक दिसतो

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

घरचा ओव्हन इलेक्ट्रिक आहे. वर एक आणि खाली एक असे दोन रॉड, पंखा नाही. हल्ली काहीही भाजायला ठेवलं की वरून करपतं आणि तळाला कच्चं राहतं. सिलेक्टर 'वर' केला की वरचा रॉड लालबुंद होतो. 'दोन्ही' केला तरी वरचाच तापतो. 'खाली' केला तर काहीच नाही, आतली हवा कोमटसुद्धा होत नाही.

दुरुस्तीवाले म्हणाले, थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आलं की करंट तोडणारा स्विच) गेलाय, बदलावा लागेल. मला ते पटेना. थर्मोस्टॅट दोन्ही रॉडना मिळून एकच आहे. तो गेला असता तर वरचा तरी कसा तापला असता? शिवाय सिलेक्टर कुठेही असो, 'हीटिंग'चा दिवा पेटतो.

प्लग काढून, रॉडची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावून पाहिला. ४५ ओहम. रॉडवर २३० व्होल्ट, १२०० वॉट असं कोरलेलं आहे. रॉड आणि बॉडी यांच्यात मीटर काहीच दाखवत नाही. मग करंट अडतोय कुठे? मागचं पॅनल उघडायची तयारी आहे, पण आधी काय तपासू?

प्रतिसाद १
रॉड धड आहे. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे ५२९०० भागिले १२००, साधारण ४४ ओहम. तुमचे ४५ त्यात बसतात. तुटलेला रॉड मीटरवर अनंत दाखवतो.

थर्मोस्टॅटबद्दल तुमचा तर्क बरोबर आहे. बहुतेक ओव्हनमध्ये तो दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला असतो. ओव्हन पुरेसा तापायच्या आतच दिवा विझत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर, किंवा त्याचा ओव्हनच्या आतला बल्ब (दिवा नव्हे, तापमान ओळखणारी बारीक नळी) क्लिपमधून सुटून रॉडला टेकलाय. दिवा पेटलेलाच आहे आणि तरी ओव्हन थंड, तर थर्मोस्टॅट करंट सोडतोय, पुढे कुणीतरी गिळतंय. पुढे म्हणजे सिलेक्टर, वायर आणि रॉडच्या टोकाचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेले, पिनवर चढणारे धातूचे तुकडे). एवढंच उरतं.

प्रतिसाद २
रॉड इतक्यात सोडू नका. काही रॉड थंड असताना मीटरवर ठीक दिसतात आणि तापल्यावर आतली तार फाकते.

प्रतिसाद १
हे खरं आहे, पण तसा रॉड आधी थोडा तरी तापतो आणि मग बंद पडतो. इथे तो कोमटही होत नाहीये.

बॉडीच्या मापाबद्दल मात्र एक सांगतो. साध्या मल्टिमीटरचा व्होल्टेज फार कमी असतो, गळती त्यात सापडेलच असं नाही. ओव्हन लावल्यावर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणारा मीटर) मोजून घ्यावं. रॉडच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते, बरेच दिवस न वापरलेल्या ओव्हनमध्ये हे होतं. तुमच्याकडे आरसीसीबी पडत नसेल तर हे सोडून द्या.

प्रतिसाद ३
प्लग काढा, पॅनल उघडा, आणि कुठलीही वायर हलवायच्या आधी फोटो काढा. (सिलेक्टरच्या मागे सगळ्या वायरी एकाच रंगाच्या निघाल्या की फोटोची किंमत कळते.) सिलेक्टर 'खाली' ठेवून त्याची इनपुट पिन आणि खालच्या रॉडकडे जाणारी पिन यांच्यात मीटर लावा. जवळपास शून्य ओहम यायला हवेत. नॉब किंचित हलवल्यावर आकडा नाचत असेल तर आतला कॉन्टॅक्ट जळालाय, सिलेक्टर बदला. तो घासून चालवायच्या भानगडीत पडू नका, पुन्हा जळतो.

सिलेक्टर ठीक निघाला तर वायर टोकापासून टोकापर्यंत मोजा. वाचणाऱ्या इतरांसाठी: हे सगळं साध्या ओव्हनचं आहे. मायक्रोवेव्ह असेल तर उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

प्रतिसाद ४
धागा थोडा भरकटवतोय, माफ करा. माझा ओव्हन गॅसचा आहे. नॉब दाबून धरला की बर्नर छान पेटतो, सोडला की विझतो. बराच वेळ दाबून धरला तरी तेच.

प्रतिसाद ३
थर्मोकपल. ज्योतीत तापलं की ते काही मिलिव्होल्ट तयार करतं आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं चुंबक गॅस उघडा धरून ठेवतं. टोकावर काजळी असेल, किंवा टोक ज्योतीबाहेर सरकलं असेल, तर चुंबक धरत नाही. गॅस मुख्य ठिकाणी बंद करून टोक बारीक पॉलिश पेपरने पुसा, ज्योतीत नीट येतंय ना पाहा, व्हॉल्व्हकडचा नट सैल नाही ना बघा. तरीही विझला तर थर्मोकपल बदला, आणि त्यानंतरही तेच असेल तर व्हॉल्व्हचं चुंबक.

नॉब दाबलेलाच राहावा म्हणून खिट्टी लावणारे महाभाग पाहिलेत. तसं अजिबात करू नका. ज्योत विझली की गॅस बंद व्हावा यासाठीच ती यंत्रणा आहे. गॅसचा कुठलाही जोड उघडलात तर नंतर साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून नाही. आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी असेल तर ओव्हन वापरणं थांबवा, अर्धवट ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

धागाकर्ता
सापडलं! सिलेक्टर ठीक आहे, सगळीकडे शून्य. खालच्या रॉडच्या मी न सोडवलेल्या टोकाचा लग काळा पडलाय. वरून जागेवर दिसतो, पण हाताने हलतो आणि आतली वायर राख झाल्यासारखी ठिसूळ आहे. वायर कापून तिथे सोल्डर केलं तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही. नेहमीचं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपासच वितळायला लागतं, आणि रॉडचं टोक ओव्हनच्या भिंतीला लागून असतं. जळालेला भाग कापून वायर चमकदार तांब्यापर्यंत मागे घ्या. लांबी कमी पडली तर फायबरग्लासचं आवरण असलेली उष्णतारोधक वायर घ्या, साधी पीव्हीसी नको. स्टीलचा किंवा निकेल चढवलेला लग क्रिम्पिंग पक्कडीने दाबा. साधे पितळी लग उष्णतेने सैल पडतात, तुमचाही बहुधा तसाच जळाला असेल.

रॉडची पिनही काळी असेल तर ती धातूचा रंग दिसेपर्यंत घासा. खड्डे पडले असतील तर नवा लगही तिथे तापेल, मग रॉडच बदलावा लागेल. आणि दुसऱ्या टोकाचा लग ओढून बघा, दोन्हीतून तोच करंट जातो.