काचधातूची पट्टी: भट्टीत घालावी की नाही?

भांडुपचा_वाइंडर: ट्रान्सफॉर्मरचे कोअर भरण्यात आयुष्य गेलं, म्हणून स्पष्ट लिहितो. काचधातू, म्हणजे काचेसारखी विस्कळीत अणुरचना असलेला लोखंडाचा मिश्रधातू. त्याचा कोअर ॲनील करणं, म्हणजे भट्टीत भाजणं, ही चांगल्या मालाची माती. नवी पट्टी जेमतेम २५ मायक्रॉनची, दुमडून नखाने दाबली तरी तुटत नाही. तीच ३६० अंशांवर दोन तास ठेवून काढा, पापडासारखी कडकन मोडते. पुढे कॉइल चढवायला जोड उघडला की कपच्या गळतात आणि त्या तेलात गेल्या की पंचाईत. सीआरजीओचा, म्हणजे नेहमीच्या सिलिकॉन पोलादाचा पत्रा असला छळ करत नाही.

पवई_लॅब: दादा, एकदा न भाजलेल्या कोअरचा नो-लोड लॉस (भार नसतानाही वाया जाणारी वीज) मोजा, मग बोलू. ही पट्टी सेकंदाला दहा लाख अंश या वेगाने थिजवलेली असते. अणू जिथे सापडले तिथेच अडकले. त्यात तुम्ही ती गुंडाळून ताण भरता, आणि लोखंडाची ही काच ताणाला चुंबकीयदृष्ट्या फार हळवी. भट्टीत अणू थोडे सरकतात, ताण उतरतो. दादरला भरलेल्या लोकलला दोन झटके बसले की माणसं कशी दबून मावतात, तसं.

भांडुपचा_वाइंडर: लोकल आलीच का! माणसं मावली की हलायला जागा राहत नाही, हे सांगायचं राहिलं. माझी पट्टी त्यानेच मोडते.

पवई_लॅब: मान्य, रोग आणि औषध एकाच बाटलीत. अणूंमधली मोकळी जागा आटते, घनता फार तर अर्ध्या टक्क्याने वाढते, पण वाकण्याची ताकद जाते. ५०० च्या आसपास मात्र स्फटिक बनू लागतात, तिथे लॉसही हाताबाहेर.

कुर्ल्याची_काकू: स्फटिक म्हटलं की घाबरू नका. तांबं-नायोबियम घालून मुद्दाम ५५० ला भाजलेला, बारीक कणांचा माल १९८८ पासून आहे. मिश्रधातू वेगळा, हे खरं. आणि ठिसूळपणा उलटवताही येतो. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून बाहेर काढायचं, पुन्हा बुडवायचं, की काच 'तरुण' होते. २०१५ मध्ये लॅन्थॅनमच्या काचेवर हे दाखवलंय.

भांडुपचा_वाइंडर: काकू, माझ्या गाळ्यात थंड म्हणाल तर बर्फाचा गोळा. दोनशे किलोचा कोअर कशात बुडवू?

पवई_लॅब: आणि तरुण करून परत सैल केलेली रचना कोअरला नकोच आहे, काकू. दादा, एक विचारतो. थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) कुठे लावता?

भांडुपचा_वाइंडर: भट्टीच्या हवेत. का?

पवई_लॅब: कोअरचं पोट उशिरा तापतं. ते ३६० ला येईपर्यंत बाहेरचे थर कितीतरी जास्त वेळ भाजले जातात. कपच्या बाहेरच्या थरांच्याच जास्त असतात ना?

भांडुपचा_वाइंडर: …हो. उद्या वायर आत घालतो. तरी मोडली तर भांडायला इथेच येईन.