ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हेडलाईट पिवळे, अल्टरनेटर बदलू का?

रत्नांग्रीकर: गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक, बाबांची होती आता मी चालवतो. पावसाळ्यापासून लाईटचा त्रास सुरू झालाय, ब्रेक दाबला की डावीकडचा ब्रेकलाईट नीट लागतच नाही, उलट इंडिकेटर मिणमिणतो. हेडलाईट तर इतके पिवळे की परवा आंबा घाटात धुकं लागलं आणि पांढरा पट्टाच दिसेना, बायको काच खाली करून कडेचा अंदाज सांगत होती, मागे पोरगी झोपलेली, जाम घाबरलो. नवीन बॅटरी टाकली तरी तेच. आता बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच गेला.

जुना वायरमन: दादा, थांबा, आधी मोजा. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा, १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवत असेल तर अल्टरनेटरला हातसुद्धा लावू नका. मागच्या लाईटचं लक्षण सरळ सरळ अर्थिंगचं, म्हणजे बल्बची परतीची वायर गाडीच्या बॉडीला नीट न जोडल्याचं आहे. करंटला बॉडीत परत जायला वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, तोच तुमचा मिणमिणणारा इंडिकेटर. कोकणातल्या खाऱ्या हवेत अर्थचे स्क्रू गंजतातच. लाल प्रोब टेललॅम्पच्या अर्थ वायरला, काळा बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की समजा सापडलं. डिकीच्या दाराच्या रबरी नळीतल्या वायरीही वाकवून बघा, उघडझाप करून आतल्या आत तुटतात.

पुणे_४११०३०: हेडलाईटला एलईडी बल्ब टाकून द्या ना, लख्ख पडतो.

जुना वायरमन: नको हो. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीने उजेड विखुरतो आणि धुक्यात समोरच्याचे डोळे दिपतात. एच-फोरचा ६०/५५ वॅटचा (हाय बीमला ६०, लो बीमला ५५) साधा बल्बच पुरतो, फक्त त्याला पूर्ण व्होल्टेज मिळायला हवं. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तरी उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत दोन्ही बल्बचा मिळून ९ अँपियर करंट स्टिअरिंगखालच्या काँबिनेशन स्विचमधूनच जातो, त्याचे पॉइंट जळतात. रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच बसवा, बॅटरीपासून फ्यूज टाकून नवी वायर ओढा. आणि आधीच्या कोणी १००/९० चे बल्ब टाकलेत का ते बघा, त्याने होल्डर वितळतात.

रत्नांग्रीकर: काका, तुमचे उपकार आहेत. चार्जिंग १४.१ आलं, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत! मागे ब्रेक दाबल्यावर मीटरवर २.३ व्होल्ट. डिकीतलं कार्पेट उचललं तर टेललॅम्पच्या मागे अर्थचा स्क्रू हिरवा पडलेला, बोटाने हलवला तर रिंग टर्मिनल तुटून हातात आलं. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, नवं टर्मिनल क्रिंप केलं, वर ग्रीस. ब्रेक दाबला आणि मागची भिंत लालभडक झाली, पोरगी टाळ्या वाजवायला लागली. पुढे उजव्या होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय, बल्ब खरंच १०० वॅटचा निघाला. होल्डर आणि रिले उद्या आणतो. पण टेललॅम्पच्या रबरातून पाणी आत येतंय असं दिसतंय, तिथे सिलिकॉन चालेल की रबरच बदलू?

जुना वायरमन: रबरच बदला. सिलिकॉनने पुढच्या वेळी लॅम्प निघणार नाही, आणि काही सिलिकॉनमधल्या आम्लाने वायरी गंजतात.