मदत हवी आहे : एच-४ वर असलेल्या मुलासाठी कम्युनिटी कॉलेजमधील सीएनसी / मेकॅट्रॉनिक्सचे शिक्षण

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. थोरला मुलगा येत्या जूनमध्ये हायस्कूल पूर्ण करील. थेट चार वर्षांच्या विद्यापीठात न जाता कम्युनिटी कॉलेजमध्ये सीएनसी मशीनिंग (संगणक-नियंत्रित यंत्रांवर धातूचे भाग कापणे) किंवा मेकॅट्रॉनिक्स (यंत्रे, इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रण यांचा मेळ) शिकायचे, असे त्याने ठरवले आहे. त्याला हे करू द्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात पुरेशी वादावादी होऊन निकालात निघाला आहे, तेव्हा कृपया तो येथे पुन्हा उकरू नये. अडचण निराळी आहे. तो एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील पालकाच्या मुलाला मिळणाऱ्या अवलंबित व्हिसावर आहे, आणि या शिक्षणाची सर्वांत मोठी जमेची बाजू, म्हणजे शिकता शिकता मिळणारी पगारी उमेदवारी, नेमकी तीच त्याला बंद आहे.

भारतातील वाचकांसाठी थोडे सांगतो. येथील कम्युनिटी कॉलेजचा हा अभ्यासक्रम आयटीआय आणि पदविका यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून साधारण साठ क्रेडिटच्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीपर्यंत सर्व काही एकाच छताखाली मिळते. वॉरन येथील मॅकोम्ब कम्युनिटी कॉलेजच्या साउथ कॅम्पसमधील कार्यशाळा आम्ही पाहून आलो. मोटारींच्या कारखान्यांच्या कुशीतले कॉलेज असल्याने तेथे रोबो, पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक), हायड्रॉलिक्स, मोजमाप या सगळ्यांवर भर आहे. एक मुलगी मिलिंग मशीनवरचा व्हाइस (भाग धरून ठेवणारा शिकंजा) मोजमापाची डायल लावून सरळ करत होती. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत हलेनासा होईपर्यंत ती हलक्या हाताने व्हाइसला ठोकत राहिली आणि मगच तिने बोल्ट आवळले. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. हे दृश्य फोनवर ऐकून त्यांनी विचारलेला एकमेव प्रश्न असा, की काटा किती मायक्रॉनचा होता. (नातू हजारांश इंचात मोजतो, म्हणजे डायलच्या एका घरात पंचवीस मायक्रॉनहून किंचित अधिक. त्यावरून दोघांची अजून जुंपलेली असते.) मुलाने शाळेच्या 'फर्स्ट' या रोबोटिक्स स्पर्धेच्या संघासाठी कंस, गिअरबॉक्सच्या पट्ट्या वगैरे स्वतः प्रोग्रॅम लिहून कापल्या आहेत, त्यामुळे आवड वरवरची नाही, एवढे खात्रीने म्हणता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या क्षेत्रातील चांगले कार्यक्रम कारखान्याशी जोडलेले असतात. केंटकीत टोयोटाने ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजच्या साहाय्याने २०१० मध्ये सुरू केलेला 'फेम' हा त्याचा परिचित नमुना आहे : आठवड्यात दोन दिवस वर्ग, तीन दिवस कारखान्यात पगारी काम, आणि दोन वर्षांअखेरीस हातात पदवीसह अनुभव. नोंदणीकृत अप्रेंटिसशिपमध्ये तर विद्यार्थी पहिल्या दिवसापासून कंपनीचा कर्मचारीच असतो, आणि पुष्कळदा फीही कंपनीच भरते. एच-४ वरील मुलाला वर्गात बसण्यास कोणतीही आडकाठी नाही; पण रोजगाराचा परवाना नसल्याने यांतील कशातही त्याला शिरता येत नाही. फेडरल शिक्षणसाहाय्यही मिळत नाही. म्हणजे त्याच्या बाकावरचा मुलगा पगार घेऊन शिकणार आणि हा फी भरून शिकणार. याबद्दल तक्रार नाही, मात्र कारखान्यातील तासांवाचून निव्वळ कॉलेजच्या मशीनवर मिळवलेल्या कौशल्याला पुढे कितपत किंमत येते, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी गुंतागुंत पदवीच्या प्रकाराची आहे. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही पदवी थेट नोकरीसाठी आखलेली असते. तिच्यातील मशीनिंगची क्रेडिट मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीत बहुतांशी धरली जात नाहीत; फेरिस स्टेट किंवा वेन स्टेटसारख्या विद्यापीठांतील इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीच्या पदवीत ती धरली जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक. एरवी हा भेद दुय्यम ठरला असता, परंतु आमच्या बाबतीत नाही, कारण एच-१बी ला किमान चार वर्षांची पदवी लागते आणि ओपीटीची (विद्यार्थ्याला पदवीनंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीची) स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीची, मुदतवाढही दोन वर्षांच्या पदवीवर मिळत नाही. आमची ग्रीन कार्डाची प्राधान्यता तारीख (रांगेतील क्रमांक ठरवणारी) २०१६ ची आहे. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत आमचा क्रमांक येईल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही, आणि त्यानंतर त्याचे एच-४ संपेल. तेव्हा दोन वर्षांचे शिक्षण पुढे पदवीला जोडता येईल अशीच आखणी पहिल्या सत्रापासून करावी लागणार.

येथून दोन वाटा दिसतात. पहिली अशी, की दोन वर्षे एच-४ वरच, स्थानिक रहिवाशाच्या दराने शिकायचे आणि विद्यापीठात जाताना एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यायचे. यात पैसा वाचतो, पण असोसिएट पदवीनंतरची बारा महिन्यांची ओपीटी हातची जाते. दुसरी म्हणजे आरंभापासूनच एफ-१ घेणे. मग एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सीपीटीवर (शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर) कारखान्यात काम करता येऊ शकते आणि पदवीनंतर ओपीटीही मिळते. परंतु फीचा दर वाढण्याची धास्ती आहे. शिवाय पालकांचा ग्रीन कार्डाचा अर्ज मार्गात असताना 'शिक्षण संपवून परत जाणार' हे पटवून देणे कितपत सोपे, हाही प्रश्न आहेच. त्यासाठी वकिलाचा सल्ला घेणार आहोतच, तेव्हा येथे मला कायद्यापेक्षा अनुभव हवा आहे.

ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत, किंवा जे स्वतः कारखान्यात भरतीचे काम पाहतात, त्यांनी पुढील बाबींवर लिहिले तर फार उपकार होतील. एच-४ वरून एफ-१ वर गेल्यावर तुमच्या कॉलेजने फी कोणत्या दराने आकारली? सीपीटीवरील विद्यार्थ्याला मशीन शॉपमध्ये घेण्यास लहान कंपन्या खरोखर तयार होतात, की कागदपत्रांचे नाव काढताच मागे सरतात? निम्स या धातुकाम-कौशल्यांच्या संस्थेची प्रमाणपत्रे, ज्यांत जॉब (ठरलेला भाग) करून तो तपासून द्यावा लागतो, ती कारखान्यातील अनुभवाची उणीव थोडीफार तरी भरून काढतात का? मुलाचा जीव मशीनिंगमध्ये आहे, पण मेकॅट्रॉनिक्समधून पुढे इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीकडे जाणे अधिक सुकर होईल, असे मला वाटते. हे बरोबर आहे का? आणखी एक : वॉरन आणि स्टर्लिंग हाइट्सच्या पट्ट्यात संरक्षण खात्याची कामे करणारी बरीच शॉप आहेत, आणि निर्यात नियंत्रणाच्या नियमांमुळे त्यांतील अनेक ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असल्याशिवाय उभे करत नाहीत. ही शॉप वगळली, तर ग्रीन कार्ड नसलेल्या मुलाला या भागात खऱ्या अर्थाने कोणत्या प्रकारची कामे उरतात : मोटारींचे सुटे भाग, साचे, की वैद्यकीय उपकरणे?

मिशिगनबाहेरच्या अनुभवांचेही स्वागत आहे, फक्त राज्य आणि साधारण वर्ष लिहावे, कारण फीचे नियम कॉलेजगणिक बदलतात. पहिल्या सत्राची विषयनिवड आम्हाला मे महिन्यात करायची आहे.