किशोर-युवा कादंबऱ्या: वाचकाशी सचोटीने कोण वागते, जादू की वास्तव?

पानखूण

पुढे काही कादंबऱ्यांची रहस्ये फुटतात, तेव्हा ज्यांना ती वाचायची आहेत त्यांनी बेताने पुढे जावे.

बंद खोलीतून खुनी कसा निसटला याचे उत्तर ‘मंत्राने’ असे देता येत असेल, तर वाचकाने डोके का चालवावे, असे आपल्यापैकी बरेच जण मानतात. हे मत जुनेच आहे. रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथाकार पाद्र्याने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांतला दुसराच नियम अलौकिक शक्तींना दाराबाहेर ठेवणारा आहे. गेल्या दहाएक वर्षांत तरुण वाचकांसाठी आलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्यावर मात्र माझे मत नेमके उलटे झाले आहे. फँटसीकार वाचकाशी अधिक सचोटीने वागतात, आणि आपण वास्तवाच्या जमिनीवर उभे आहोत असे सांगणारे रहस्यकथाकारच पत्ते लपवतात.

फ्रान्सिस हार्डिंज यांची ‘द लाय ट्री’ (२०१५) घ्या. १८६०च्या दशकातील चौदा वर्षांच्या फेथच्या वडिलांचा मृत्यू होतो. लोक आत्महत्येची कुजबुज करतात, आणि हिला खुनाचा संशय येतो. वडिलांनी लपवून ठेवलेले एक झाड तिच्या हाती लागते. त्याच्या कानी एक खोटी गोष्ट सांगायची, ती लोकांत पसरवायची, आणि जितके जास्त लोक तिच्यावर विश्वास ठेवतील तितके मोठे फळ धरते. ते फळ खाल्ले की एखादे सत्य दिसते. हा सगळा व्यवहार, त्यातल्या किमतीसकट, वाचकासमोर उघडा मांडलेला आहे. शिवाय खुन्याचे नाव फळावर लिहून येत नाही. उरलेला तपास त्या मुलीला डोळ्यांनी आणि डोक्यानेच करावा लागतो, आणि दरम्यान वडिलांचे भूत फिरते आहे ही तिनेच पेरलेली अफवा सगळ्या बेटावर तिला न आवरेल इतकी माजते.

याच्या शेजारी कॅरन मॅकमॅनस यांची ‘वन ऑफ अस इज लाइंग’ (२०१७) ठेवून पाहावी. शाळेत शिक्षा म्हणून बसवलेल्या पाच मुलांपैकी एक मरतो आणि उरलेले चौघे संशयित आळीपाळीने ‘मी’ म्हणून कथा सांगतात. त्यांतील कूपर आपल्या मनातले सगळे आपल्याला सांगतो आहे असे वाटत असताना, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे त्याचे एका मुलावरचे प्रेम, तो निम्मे पुस्तक संपेपर्यंत आपल्यालाही कळू देत नाही. मनाच्या आत बसवून मनच झाकायचे, ही मला फसवणूक वाटते.

शंकेखोर

तुमचे उदाहरण चांगले आहे, पण निष्कर्ष पटला नाही. झाडाचे नियम उघड आहेत हे मान्य केले, तरी ते केले कोणी? लेखिकेनेच. वास्तवातील रहस्यकथेत विष किती वेळात भिनते, गाडी किती वाजता सुटते, कुलूप आतून लावता येते की नाही, या गोष्टी लेखकाच्या हातात नसतात. त्या तपासून पाहता येतात, आणि चूक निघाली तर वाचक लेखकाचा कान धरू शकतो. जादूच्या जगात पंच, खेळाडू आणि नियमपुस्तिका छापणारा एकच असतो. तो सज्जन निघाला, हे आपले भाग्य. त्या भाग्याला साहित्यप्रकाराचा गुण म्हणता येत नाही.

उंबरठा

शंकेखोर यांच्याशी मी निम्मी सहमत आहे, पण आधी कूपरबद्दल बोलते, कारण त्याच्यावर अन्याय झाला आहे.

कूपर सतरा-अठरा वर्षांचा आहे, बेसबॉलमध्ये त्याचे नाव आहे, वडिलांच्या अपेक्षा डोक्यावर आहेत आणि दाखवायला एक मैत्रीणही आहे. अशा मुलाने आपले खरे प्रेम मनातल्या मनातसुद्धा उच्चारायचे टाळावे, यात लेखिकेची लबाडी कुठे आली? ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्या आजूबाजूने माणूस विचार करतो, थेट तिच्यावर पाऊल ठेवत नाही. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या प्रकरणांतील गाळलेल्या जागा मला फार बोलक्या वाटल्या. तिथे कोडेही आहे आणि व्यक्तिचित्रणही, आणि ही दोन कामे एकाच वाक्याकडून करून घेणे सोपे नाही.

आता फँटसीच्या सचोटीविषयी. ली बार्डुगो यांच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) मध्ये काझ ब्रेकर अभेद्य किल्ल्यातून एका कैद्याला पळवण्याचा बेत आखतो. त्याच्या नजरेतून लिहिलेली प्रकरणे आपण वाचतो, त्याच्या जुन्या जखमा आपल्याला कळतात, पण बेताचा नेमका तोच भाग गाळलेला असतो ज्याने पुढे धक्का बसायचा आहे. कूपर घाबरलेला असतो म्हणून गप्प राहतो. काझच्या गप्प बसण्यामागे तसे काही कारण मला सापडले नाही, लेखिकेला टाळी हवी आहे इतकेच दिसले. (टाळी मीही वाजवली, हे खरे.)

पानखूण

काझबद्दलचा मुद्दा बिनशर्त मान्य. कूपरबद्दलचा मान्य करायला जड जाते आहे, कारण भीतीमुळे विचार टाळणारा मुलगा आणि नेमका प्रकरणाच्या शेवटी उत्कंठा वाढेल अशा बेताने टाळणारा मुलगा, यांत मला फरक दिसतो. तरी पुस्तक पुन्हा वाचेन.

शंकेखोर, नियम लेखकच करतो हे खरे, पण म्हणूनच एकदा केलेला नियम मोडण्याची त्याला जास्त लाज असते. हॉली ब्लॅक यांच्या ‘द क्रुएल प्रिन्स’ (२०१८) मध्ये परीलोकातील रहिवाशांना खोटे बोलता येत नाही आणि दिलेल्या वचनातून सुटताही येत नाही, हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असते. त्यांच्यात वाढलेली ज्यूड मात्र माणूस आहे, म्हणजे तिला खोटे बोलता येते. शेवटी ती राजपुत्र कार्डनकडून एक वर्ष आणि एक दिवस आज्ञेत राहण्याचे वचन घेते आणि मग त्याच्याच डोक्यावर मुकुट चढेल अशी व्यवस्था करते. तो धक्का या दोन नियमांतूनच निघतो. पान उलटून मागे गेले तर सगळे तिथेच पडलेले असते, फक्त आपण उचललेले नसते. कोडे याहून वेगळे काय असते?

डार्सी लिटल बॅजर यांची ‘एलॅटसोए’ (२०२०) तर आणखी पुढे जाते. नायिकेचा मेलेला चुलतभाऊ तिच्या स्वप्नात येऊन आपल्या खुन्याचे नाव सांगून टाकतो. ‘कोणी’ हा प्रश्न अगदी आरंभीच निकालात निघतो, आणि उरतात ‘का’, ‘कसे’ आणि ‘सिद्ध कसे करायचे’. मेलेल्या प्राण्यांची भुते बोलावण्याची विद्या तिच्या घराण्यात आहे. तिचा भूत झालेला कुत्रा तर सतत तिच्याबरोबर असतो. पण माणसांची भुते बोलवायची नाहीत, कारण ती परततात तेव्हा भयंकर होऊन परततात, हे तिला बजावलेले आहे. तेव्हा भावालाच पुन्हा बोलावून विचारण्याची पळवाट लेखिकेने स्वतःच बंद केली आहे. अलौकिक शक्ती रहस्याचा नाश करते म्हणणाऱ्या नॉक्ससाहेबांना हे पुस्तक वाचायला द्यायला हवे होते.

रातवाचक

हा सगळा वाद चाळिशीच्या वाचकांचा आहे, असे मला आदरपूर्वक म्हणावेसे वाटते. वाचकाला उत्तर काढता यावे, ही अट तरुण वाचकाने कधी घातली? त्याला हवी असते ती त्या वयात पहिल्यांदा येणारी जाणीव, की मोठी माणसे खोटे बोलतात आणि सगळ्या गावाने मान्य केलेली गोष्टही खोटी असू शकते.

हॉली जॅक्सन यांच्या ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (२०१९) ची सगळी ताकद त्यात आहे. पाच वर्षांपूर्वीच्या खुनाचा आळ सल सिंग या मुलावर टाकून गाव मोकळे झालेले असते, कारण तो मरण पावला आहे आणि बाजू मांडायला येऊ शकत नाही. पिप शाळेचा प्रकल्प म्हणून ते प्रकरण उकरते. मुलाखतींची टिपणे, नोंदवहीची पाने, संशयितांच्या याद्या, सगळे आपल्यासमोर जसेच्या तसे ठेवलेले असते, म्हणजे पानखूण यांना हवी असलेली सचोटीही वास्तववादी कादंबरीत मिळते. पण मला आठवतो तो शेवटचा उलगडा नव्हे, तर आपल्या प्रश्नांनी जिवंत माणसांची घरे मोडत आहेत हे पिपला कळते तो भाग.

आणि तिसऱ्या पुस्तकात, ‘ॲज गुड ॲज डेड’ (२०२१) मध्ये, कोडे मध्यावरच संपते. पिपच्या हातून खून होतो, आणि उरलेले निम्मे पुस्तक ती तो लपवण्यात घालवते. तपास करणाऱ्याने स्वतः गुन्हा करू नये, हा नॉक्सचा सातवा नियम तिने असा मोडला, आणि तिन्ही पुस्तकांत हेच मला सर्वांत धाडसी वाटते.

शंकेखोर

धाडसी आहे, पण विश्वसनीय आहे का? पुरावे कसे वाचले जातात हे दोन पुस्तके शिकलेली मुलगी तेच ज्ञान उलटे वापरते, इथपर्यंत ठीक आहे. मात्र ज्या कादंबरीमालेने निरपराध माणसावर आळ येणे किती भयंकर असते हे सांगून वाचक जोडला, तिच्या नायिकेने स्वतःच्या गुन्ह्याचा आळ दुसऱ्यावर रचावा आणि वाचकाने तिच्या सुटकेसाठी श्वास रोखून धरावा, हे मला अस्वस्थ करते. तो दुसरा माणूस वेगळ्या अपराधांत दोषी आहे, एवढी सोय करून लेखिका मोकळी होते.

सचोटीचाच विषय आहे तर माझी खरी तक्रार वेगळी आहे. मॉरीन जॉन्सन यांच्या ‘ट्रूली डेव्हिअस’ (२०१८) मध्ये १९३६ मधील अपहरण आणि आजचा मृत्यू अशी दोन रहस्ये सुरू होतात, आणि पुस्तक संपते तेव्हा आपण अधांतरीच असतो. संपूर्ण उलगडा हवा असेल तर २०२० मधील तिसऱ्या खंडापर्यंत थांबावे लागले. फँटसीत राज्य तीन खंडांत जिंकले तर चालते, कारण प्रत्येक खंडात एखादी लढाई तरी संपते. खुनाचे उत्तर तीन हप्त्यांत देणे म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे धागेदोरे वाचकाने लक्षात ठेवावेत अशी अपेक्षा करणे होय.

रातवाचक

पिपबद्दल वाटणारी अस्वस्थता हेच त्या पुस्तकाचे काम आहे, असे मी मानतो. तिची सुटका व्हावी असे वाटले आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

उंबरठा

‘ट्रूली डेव्हिअस’ मी तिन्ही खंड हाती आल्यावर एका आठवड्यात वाचले, त्यामुळे मला तो त्रास झाला नाही, उलट जुन्या काळातील प्रकरणे मध्येमध्ये येतात ती रचना आवडली. पण पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर ‘उत्तर यात नाही’ इतके छापायला हरकत नव्हती, हे शंकेखोर यांचे म्हणणे मी मान्य करते.