मदत हवी आहे: निबंध न लिहिता मिळणारी कॉलेज स्कॉलरशिप

स्वाती_एल: मुलगा यंदा महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्सला ८६ टक्के मिळवून पास झाला. कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. खुला प्रवर्ग, घरचं वार्षिक उत्पन्न ३ लाख ६० हजार. खासगी ट्रस्टचे फॉर्म बघतोय, पण जिथे तिथे ‘तुमचे ध्येय’ यावर पानभर निबंध हवा असतो. नुसत्या मार्कांवर आणि उत्पन्नावर मिळणारी कोणती स्कॉलरशिप आहे? दोन-तीन एकदम भरल्या तर चालतं का?

निळीशाई: सरकारी योजनांना निबंध लागतच नाही. तुमच्यासाठी दोन आहेत.

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: उत्पन्न ८ लाखांपर्यंत, प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोटा चालत नाही. ट्यूशन फी आणि परीक्षा फी, दोन्ही निम्मी मिळते.

दुसरी केंद्राची, सेंट्रल सेक्टर स्कीम. ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर (एनएसपी) असते. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. इथे ८६ टक्के बघून खूश होऊ नका. अट टक्क्यांची नसून पर्सेंटाइलची आहे, म्हणजे बोर्डात तुमच्या शाखेत पहिल्या २० टक्के मुलांत नाव हवं. शिवाय जागा मोजक्या, त्यामुळे अट पूर्ण झाली तरी मिळेलच असं नाही.

आता दोन्ही भरण्याचं. केंद्राच्या योजनेत दुसरी स्कॉलरशिप किंवा फीमाफी घेता येत नाही, त्यामुळे आधी हिशेब करा. ट्यूशन फी ९०,००० असेल तर शाहूमधून ४५,००० वाचतात, तिथे १२,००० कशाला धरून बसायचं? अनुदानित कॉलेजात बीएस्सीला फी अगदी कमी असते, तिथे मात्र केंद्राचीच फायद्याची.

सेतू_केंद्र: पैसे अडकतात ते बहुतेक वेळा बँकेत. ‘आधार लिंक आहे’ असं बँक सांगते ते केवायसीचं, म्हणजे ओळख पडताळणीचं. डीबीटी, म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे, येतात एनपीसीआयला (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) आधारशी मॅप असलेल्या खात्यात, आणि तसं खातं एका वेळी एकच असतं. मुलाने मध्येच मोबाइलवर नवं खातं उघडलं आणि संमतीची खूण केली, तर मॅपिंग गुपचूप तिकडे जातं. माय आधारवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत डीबीटी सीडिंगचा फॉर्म द्या आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. हे अर्ज भरण्याआधीच उरका.

स्वाती_एल: धन्यवाद! मोठ्या मुलीने शाहूचा लाभ घेतला होता. आता मुलाला मिळेल ना? आणि कागद कोणकोणते?

निळीशाई: मिळेल. कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत मिळते, म्हणून रेशनकार्ड मागतात. बाकी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (त्यावरची मुदत नीट वाचा), डोमिसाइल, दहावी-बारावीची मार्कशीट, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. मार्कशीटवर ‘लक्ष्मण’ आणि आधारवर ‘लक्ष्मन’ असं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.

मुलगा होस्टेलला राहणार असेल आणि तुम्ही अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असाल, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही भरा. तो शाहूबरोबर चालतो.

सेतू_केंद्र: अर्ज सबमिट केला की काम संपलं असं समजू नका. तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला पडून राहू शकतो. दर आठवड्याला स्टेटस बघा. महाडीबीटीवर ‘सेंट बॅक’ किंवा एनएसपीवर ‘डिफेक्टिव्ह’ दिसलं तर मुदतीत दुरुस्ती करता येते. एनएसपीवर ‘रिजेक्टेड’ झालं की त्या वर्षापुरतं संपलं. आणि अर्जाला सरकारी फी शून्य आहे, ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पाटी_पेन्सिल: पुढच्या वर्षी रिन्यूअल आपोआप होत नाही, अर्ज पुन्हा करावाच लागतो. केंद्राची घेतलीत तर ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते.