गावच्या बाजारात फोटो काढायचे कसे? सारेच ओळखीचे!

वावरवाला: राजेहो, एक विचारायचं होतं. मी देवळी तालुक्यातला, घरची शेती, हातात साधा मोबाइल. मुंबई-कोलकात्याच्या रस्त्यांवरचे फोटो पाहून मलाही नाद लागला. पण तिथं फोटोवाला गर्दीत हरवतो. इथं फोन वर केला की मिरचीवाली मावशी पदर सावरून ताठ बसते, अन् कोपऱ्यातला म्हातारा विचारतो, "कायचा पंचनामा हाय रे बाप्पा?" मोबाइलवर पिकाची नोंद करायची ती ई-पीक पाहणी आल्यापासून फोन दिसला की सरकारी कामच वाटतं. एकानं तर आपला गट नंबरच सांगून टाकला! दिसायला मात्र लई आहे. बैलबंडीच्या चाकाला अडकलेला कापूस, मिरचीच्या ढिगाजवळ काढून ठेवलेल्या निळ्या चपला, रसवंतीच्या घुंगरांपाशी झोपलेलं कुत्रं. जमेल का हे गावात?

बाजारहाट: आधी उजेडाचं बोलू भाऊ. निळ्या ताडपत्रीखाली सगळे चेहरे निळे पडतात, तिथं वेळ घालवू नको. ताडपत्री संपते अन् ऊन सुरू होतं, त्या काठावर उभा राह. स्क्रीनवर उन्हाच्या भागावर बोट ठेव अन् उजेड कमी कर. मागचं काळं पडलं तर पडू दे. उन्हाळ्यात नऊनंतर फोन खिशात (तसाही तापून बंद पडतो). हिवाळ्यात सकाळी जिनिंगपुढं जा. आता बंड्या कमी, पिकअप जास्त, पण कापूस उतरवताना जी धूळ उडते, तिच्यात ऊन मस्त दिसतं.

पवनारकाठ: वर्धा जिल्ह्यातले तुम्ही, अन् कनू गांधी आठवले नाहीत? बापूंचे चुलत नातू, सेवाग्रामलाच राहायचे, हातात रोलायफ्लेक्स कॅमेरा. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश नाही, पोझ द्या म्हणायचं नाही, आश्रम पैसे देणार नाही. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची बापू सेवा करताहेत, तो फोटो कनूंचाच. तिथंही सगळे ओळखीचेच होते की! रोज दिसणाऱ्या माणसाकडं कोण किती वेळ पाहत बसेल? तुम्हीही दर बाजाराला जा. आधी भाजी घ्या, चहा घ्या, फोन मग.

वेचणीवाली: दादा, तुमचं कौतुकच आहे, पण वाकलेल्या बायकांचे मागून फोटो नका काढू. कापूस वेचणीला किलोवर पैसे असतात, कोण काय करतंय ते वळून पाहायलाही सवड नसते. माझ्या आत्याचा असाच फोटो कुणीतरी "शेतकऱ्याचं दुःख" म्हणून टाकला. आत्या त्या दिवशी शेजारणीची नक्कल करत होती! विदर्भ म्हटलं की रडकं तोंडच पाहिजे लोकांना. आधी विचारा, अन् काढला तर छापून द्या.

वावरवाला: ताई, पटलं. पण छापायचं कुठं? आमच्याकडचा स्टुडिओवाला पासपोर्टचे सोडून काही घेत नाही.

बाजारहाट: वर्ध्याला लग्नाचे अल्बम करणारे आहेत, त्यांना विचार. 4×6 माग, चकचकीत नको. मावशीच्या मिरचीच्या हाताचे डाग पडतात त्याच्यावर.